भिंतीकडे तोंड केलेले चित्र

श्री. याकूब सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी त्यांच्या स्वभावातील सौम्यतेविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना आहे. ती पाळणे मला जड जात आहे. सर मृदुभाषी आहेत, कोणाला लागेल असे बोलत नाहीत, हे सर्व खरे. परंतु पाठशाळेतील आमच्या गुरुजींच्या छडीसह सगळा हिशेब केला, तरी माझ्या आयुष्यात या सौम्य गृहस्थांइतके मला कोणी हादरवलेले नाही. तेव्हा मी त्या धक्क्यांविषयीच लिहितो. त्यांतील सर्वांत मोठा धक्का अकोल्यात बसला. तो अजून पुरता ओसरलेला नाही, आणि ओसरू नये अशी माझी इच्छा आहे.

आमची ओळख अमरावतीच्या हायस्कुलातील. मी तेथे संस्कृत शिकवीत असे आणि सर चित्रकलेचे नवे शिक्षक म्हणून रुजू झाले होते. वसंतपंचमीला सभागृहातील मोठ्या फळ्यावर शारदेचे रंगीत चित्र काढून तिची पूजा करायची, अशी शाळेची रीत होती. त्या वर्षी ते काम ओघानेच सरांकडे आले. सकाळी पूजेचे तबक घेऊन मी सभागृहात शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. फळ्यावर कमळ होते, हंस होता, आसनाला टेकवून ठेवलेली वीणा होती. आसनावरील रेशमी वस्त्राला नुकत्याच पडलेल्या चुण्याही होत्या. देवी मात्र नव्हती.

"याकूब सर, देवी कुठे आहे?" माझा आवाज चढला होता.

सर हातांचा खडू झटकत म्हणाले, "पंडितजी, माणसाचा चेहरा मी काढत नाही जी. लहानपणी अम्मीले शब्द देल्ला हाय. पण तिची जागा काढली. बसाचं का नाही, ते तिनं ठरवावं."

मुख्याध्यापकांनी घाईने कार्यालयातील तसबीर आणवून फळ्याशेजारी ठेवली. मी पूजेस बसलो तो मनात धुमसतच. आवाहन झाले. त्यानंतर पहिला उपचार आसनाचा. 'आसन अर्पण करतो' असे म्हणताना माझी नजर तसबिरीवर न जाता फळ्यावर गेली, आणि हातातल्या अक्षता क्षणभर हातातच राहिल्या. आयुष्यभर मी रिकाम्या जागेला आसन देत आलो होतो. ते आसन डोळ्यांना दिसले ते त्या दिवशी. तरीही पुढे कित्येक दिवस मी सरांशी जेवढ्यास तेवढेच बोलत असे. मनाला पटल्यावरही राग जायला वेळ लागतो.

तो गेला माझ्या पत्नीच्या आजारपणात. संधिवाताने ती अंथरुणाला खिळली. दुखण्यापेक्षा तिला उंबरठ्यापुढे रांगोळी पडत नाही याचे दुःख अधिक होते. मी प्रयत्न केला. माझी गोपद्मे पाहून शेजारच्या मुली हसत. हे सरांच्या कानावर कसे गेले कोण जाणे. एके दिवशी सकाळी संध्या आटोपून दार उघडले, तो सर सायकल भिंतीला लावून आमच्या अंगणात उकिडवे बसलेले आणि चिमटीतून रांगोळीची रेघ सुटत असलेली. पत्नी हिंडूफिरू लागेपर्यंत शाळेच्या वाटेवर ते रोज येत राहिले. आळीत कुजबुज झाली. पत्नीने खिडकीतूनच सगळ्यांना ऐकू जाईल असे सुनावले, "यांच्या श्लोकापेक्षा याकूबभाऊची रेघ सरळ येते, म्हणून बोलावते मी त्याईले!" सरांना लाजलेले मी तेव्हा पाहिले. रांगोळीतदेखील त्यांनी चेहरा कधी काढला नाही. पावले मात्र काढत. आल्याची आणि बसल्याची खूण तेवढी.

निवृत्तीनंतर सर आपल्या कन्येकडे, नर्गिसकडे, ऑस्ट्रेलियात गेले. ती परिचारिका आहे आणि त्या देशाच्या मध्यभागी, लाल वाळवंटात, तेथील मूळ रहिवाशांच्या एका वस्तीतील दवाखान्यात तिची नेमणूक होती. दवाखान्याजवळच एक मोठी पत्र्याची पडवी होती. वस्तीतील वृद्ध स्त्रिया तेथे जमिनीवर कापड अंथरून, त्याभोवती मांडी घालून चित्रे रंगवीत. त्यांतील सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना सर 'आपा' म्हणू लागले. मोठ्या बहिणीला म्हणतात तसे. त्यांचे खरे नाव मला ठाऊक आहे. ते मी येथे का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

आपांनी नर्गिसला आपली भाची मानले होते. तेथे नात्यावाचून कोणी कोणाशी बोलू शकत नाही, म्हणून बाहेरच्यालाही कोणते तरी नाते देतात. भाचीचे वडील म्हणून सर आपोआप भाऊ झाले. मग भावाने जी चूक केली, ती चित्रकलेचा शिक्षकच करू जाणे. आपांचे चित्र त्यांना इतके आवडले, की त्यांनी शेजारी बसून त्याची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. आपल्याकडे थोरांच्या चित्राची नक्कल करणे हा त्यांचा सन्मान समजतात. सरांनी शाळेत मुलांना तेच तर शिकवले होते. पण आपांनी सरांच्या हातातील कुंचला काढून घेतला.

सरांनी मला हे सांगितले तेव्हा ते स्वतःही अजून हादरलेलेच होते. "पंडितजी, ते चित्र नव्हतंच जी. ते तिचं वावर होतं. तिच्या बापाची जमीन, आज्याची जमीन, पाण्याचे झरे, पूर्वज चालत गेले ती वाट. मी तिच्या समोर बसून तिच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून राहिलो होतो!"

त्यानंतर आपांनी सरांना विचारले, तुझी जमीन कोणती? ती काढ. सरांचे पूर्वज मोर्शीकडचे, पण त्यांचे घराणे रंगाऱ्यांचे. लुगडी-धोतरे रंगवणारे, मालकीचे वावर पिढ्यानपिढ्या नाही. तोच प्रश्न मनात घेऊन ते परत आले.

परतल्यावर प्रथम मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बैठकीत आपांनी निरोपाच्या वेळी भावाला दिलेले चित्र जमिनीवर पसरलेले होते, आणि सर त्याच्या कडेवर चक्क पाय देऊन पलीकडे गेले. मी ओरडलोच. "अहो, पूर्वजांची भूमी म्हणता आणि पाय देता?"

"भूमीवर पाय नाही देणार तं कुठी देणार?" सर हसले. "इकडून बसा का तिकडून, याले वर-खाली नाही. आणि पाहा, तुमाले एक ओळखीची गोष्ट दाखवतो." त्यांनी घोड्याच्या नालासारख्या एका आकारावर बोट ठेवले. "हा माणूस."

"हा माणूस कसा?"

"वाळूत बसलेला माणूस उठून गेला का मागं अशी खूण राहते. माणूस काढत नाही ते लोक. त्याची बसल्याची जागा काढते."

मला अमरावतीचा फळा आठवला. समुद्रापलीकडील, वेद-कुराण कशाचेही नाव न ऐकलेल्या बाईंच्या हातून तेच आसन निघाले होते, ज्यावरून मी एका सज्जनावर रागावून बसलो होतो.

ती वर्षे वऱ्हाडाला वाईट होती. दूरदूरच्या शहरांतील लोकांना आपल्या तालुक्यांची नावे माहीत झाली ती मृत्यूच्या बातम्यांतून. मोर्शीकडे विहिरींचे पाणी खोल खोल गेले आणि उभ्या संत्र्याच्या बागा वाळू लागल्या. ज्या झाडांना लेकरांसारखे वाढवले, त्यांच्यावरच मालकांना कुऱ्हाड चालवावी लागली. सर आपल्या पूर्वजांच्या त्या गावी जाऊ लागले. स्वतःचे वावर नव्हते; तेव्हा ज्यांचे होते त्यांच्याकडे जाऊन ते म्हणू लागले, आपण तुमचे वावर काढू. माती तुमची, हात तुमचा, मी फक्त जवळ बसतो.

गजाननराव नावाच्या बागायतदारांनी त्यांना अंगणातच सुनावले, "बाग उभी होती तवा कुठी होते, मास्तर? आता तोडल्यावर चित्र काढाले आले काय?"

"तवा दिसत होती, भाऊ. आता दिसत नाही, म्हणून तं काढाची हाय."

सरांनी आपांच्या खुणांतील एकही खूण उचलली नाही, ठिपकासुद्धा नाही. तोडलेल्या झाडाभोवती पाण्याचे गोल आळे जमिनीवर तसेच राहते. बाग म्हणजे त्या रिकाम्या आळ्यांच्या रांगा. कापूस म्हणजे डवऱ्याने, म्हणजे कोळप्याने, पाडलेल्या समांतर रेघा. रंग काळ्या मातीचे, गेरूचे, चुन्याचे. एक गोष्ट मात्र त्यांनी वाळवंटातून आणली. तेथे जमिनीचे चित्र काढणारा बापाकडचा असतो, पण ते बरोबर निघाले की नाही हे पाहण्याचा अधिकार त्या घरच्या मुलींच्या लेकरांचा, भाच्यांचा. त्यांनी मान डोलावल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. सरांनी गजाननरावांना सांगितले, तुमच्या बहिणीला बोलवा.

गजाननराव चमकले. "सुमनले? तिनं हक्कसोड करून देल्लं हाय, मास्तर. सही हाय तिची. आता वावर पाहाले तिले काहून बोलावता?"

"वावर मागाले नाही बोलावत. चित्र पाहाले बोलावतो."

सुमनबाई धामणगाव रेल्वेहून आपल्या मुलाला घेऊन आल्या. मी त्या दिवशी तेथे होतो. अंगणात पसरलेल्या चित्राभोवती त्या हळूहळू एक फेरी फिरल्या, मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाबाची बसाची जागा कुठी हाय?" त्यांनी ओल्या गेरूत बोट बुडवले आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, टोकाशी, जेथे पूर्वी बाभूळ होती म्हणे, एक छोटी वाकडी खूण काढली. त्यांना कोणी वाळवंटाची गोष्ट सांगितलेली नव्हती. गजाननराव उठून गाईला पाणी पाजायला गेले. गाय नुकतीच पाणी पिऊन बसली होती.

गावातील पुष्कळ घरांनी मग आपापली वावरे काढली. अकोल्याच्या एका न्यासाचे अध्यक्ष ती पाहून गेले. त्यांनी या चित्रांसह आपांच्या चित्राचे मोठे प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि न्यासाच्या इमारतीत गावाच्या चित्रांसाठी एक कायमची खोली देण्याचे वचन दिले. त्या खोलीचे सरांना किती मोल होते, हे मी जाणतो. ते म्हणत, "वावर उद्या कोणाच्या नावावर जाईन, सांगता येत नाही. खोली भेटली तं चित्र तरी एका जागी राहीन." चित्रकार म्हणून त्यांच्या आयुष्यातील ते पहिलेच प्रदर्शन होते. निमंत्रणपत्रिकेवर आपांचे नाव आणि छायाचित्र होते. सभागृहाच्या दाराशी त्यांचा माणसाएवढा फलक. प्रमुख वक्ता मी. माझ्या भाषणात आपांचे नाव पदोपदी आलेले होते.

उद्घाटनाच्या सकाळी मी सभागृहात पोहोचलो तेव्हा सर स्टुलावर उभे राहून तो फलक उतरवीत होते. आतील मुख्य भिंतीवरचे आपांचे चित्र भिंतीकडे तोंड करून लावलेले होते. समोर नुसती कापडाची पाठ, चौकटीची लाकडे आणि खिळे.

"नर्गिसचा फोन होता," सर म्हणाले. "आपा गेल्या."

मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी सांगितले, की तेथील रीतीप्रमाणे माणूस गेले की त्याचे नाव उच्चारायचे नाही. त्याचे छायाचित्र, त्याच्या हातचे चित्र दृष्टीआड करायचे. घरची माणसे पुन्हा सांगतील तोवर. किती वर्षे, हे कोणी सांगू शकत नाही. चित्र देतानाच आपांनी हे बजावले होते आणि सरांनी शब्द दिला होता.

मला धक्का बसला तो येथे. मी म्हणालो, "सर, आपल्याकडे नावाशिवाय गती नाही. आम्ही तीन पिढ्यांची नावे गोत्रासह घेतो तेव्हा पाणी पोहोचते. आणि तुम्ही म्हणता, नावच पुसायचे? हा त्या बाईंचा सन्मान की..."

"पंडितजी, माह्या घरीही नाव घेऊनच दुआ मागते," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरी नाव घेऊन पाणी देते. पण तिच्या घरी तिचीच रीत चालन ना जी."

एवढ्यात अध्यक्ष आले. पाहुणे जमू लागले होते. पाठमोरे चित्र पाहून त्यांचा चेहराच उतरला; मग तो लाल झाला. "मास्तर, हे काय? लोक हेच पाहाले येऊन राहिले! तुमच्या तोडलेल्या बागा कोण पाहते? आधी ते सरळ करा."

"नाही होत, साहेब."

"मग त्या खोलीचं विसरा."

सरांची बोटे कुडत्याच्या काठाशी चाळा करीत होती, हे मला दिसत होते. गावची मंडळी जमिनीवर अंथरलेल्या आपापल्या चित्रांजवळ उभी होती. त्यांची खोली त्यांच्यासमोर जात होती, आणि सरांना तेही दिसत होते. तेव्हा त्या घोळक्यातून सुमनबाई पुढे आल्या.

"काहून वरडता, साहेब? मास्तरच्या बहिणीचं सुतक हाय. सुतकात आपून देवाले हात लावत नाही, देव पारोसे ठेवतो. एक चित्र फिरोलं तं काय बिघडलं तुमचं?"

अध्यक्ष उपहासाने हसले. "ऑस्ट्रेलियाचं सुतक अकोल्यात लागते काय, बाई?"

"फोन लागते ना? मंग सुतक काहून नाही लागत?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. मी मात्र उभ्या उभ्या थरारलो. कारण त्या बाई जे बोलल्या, तेच आमच्या धर्मशास्त्राचे मत आहे: देशांतरी गेलेल्याचे अशौच वार्ता कानी पडल्यापासून धरावे. मी व्यासपीठावर गेलो. हातातील भाषण घडी करून खिशात ठेवले. म्हणालो, सरांच्या वडील भगिनी काल वारल्या. वार्ता आज आली. तेव्हा सुतक आज लागले. ते चित्र आज दिसणार नाही. त्या असत्या तर ज्या चित्रांभोवती बसल्या असत्या, ती जमिनीवर आहेत. कृपया बसून पाहावीत.

बरेच पाहुणे निघून गेले. राहिले ते खाली बसले. गजाननराव अनोळखी माणसांना आपल्या झाडांची आळी एकेक करून दाखवू लागले. अध्यक्षांनी आपला शब्द पाळला; खोली मिळाली नाही. संध्याकाळी चित्रे गुंडाळून, कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोतून गावी गेली. प्रत्येक घराने आपले वावर आपल्या घरी नेले. आता अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात त्या दिवशी, ती अंगणात पसरतात आणि हक्कसोड दिलेल्या लेकी-बहिणी त्याभोवती बसतात. गजाननरावांच्या चित्रावर तर सुमनबाईंच्या मुलाने आईच्या बापाच्या खुणेशेजारी आणखी एक खूण काढली आहे. कोणाची, ते विचारायचे माझे धाडस झाले नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे तर्पणास बसलो. तीन पिढ्यांची नावे झाली, मातुलपक्षाची झाली. शेवटी एक ओंजळ असते ती ज्यांचे नाव-गोत्र घेता येत नाही अशा सर्वांसाठी. लहानपणापासून मी ती घाईने सोडत आलो. डोळ्यांपुढे कोणीच नसे. त्या दिवशी होते. मी ओंजळ भरली, नाव ओठांवर आले होते ते गिळले, आणि पाणी सोडले. ते पोहोचले नसेल असे मला एकदाही वाटले नाही. सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अम्मी असती तं तुमाले चहा पाजल्याशिवाय सोडलं नसतं."

ते चित्र आज सरांच्या बैठकीत आहे; अजून पाठमोरेच. वाळवंटातून निरोप आलेला नाही. मी गेलो की त्या कोऱ्या कापडासमोर बसतो. परवा सर म्हणाले, "पंडितजी, मी गेलो का माहेही चित्र असेच फिरवा."

मी संतापलो, तो पहिल्या दिवसासारखाच. वयाने मी सरांहून वडील आहे; क्रमाने पाळी माझी आधी आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. त्यांची चित्रे भिंतीकडे फिरवण्याचे काम मी पत्करणार नाही. परमेश्वराने त्यांना निरोगी देह, सरळ रेघ आणि जमिनीवर बसून उठता येईल असे गुडघे पुष्कळ वर्षे द्यावेत. वाळवंटातून निरोप येईल त्या दिवशी ते चित्र स्वतःच्या हातांनी आपल्याकडे वळवण्यास ते असावेत. आणि माझे एक काम त्यांच्याकडे राहिले आहे, त्यासाठी तर त्यांनी माझ्यामागे दीर्घकाळ राहिलेच पाहिजे. माझ्या घरी माझी रीत आहे. मी गेल्यावर त्यांनी माझे नाव घ्यावे. गोत्रासह, मोठ्याने, सबंध आळीला ऐकू जाईल असे.

मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "भारद्वाज ना जी? पाठ हाय."